कलकत्त्याहून यायची रेकॉर्ड

"टॉवेल काढू नका हं कुणी," अच्युत म्हणाला आणि त्याने सुई खाली टेकवली.

टॉवेलखाली रेकॉर्डचं कव्हर होतं. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या घरी हा प्रकार चालायचा. माझा नवरा अच्युत कपाटातून जॅझची एक लाँगप्ले काढायचा, तिचं कव्हर आमच्या आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळायचा, आणि जमलेल्या पाच-सहा पुरुषांनी नुसतं ऐकून सांगायचं, की वाजवतंय कोण, कधीचं वाजवलेलं आहे आणि तबकडी कुठल्या देशात छापली आहे. हा तिसरा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडू नये असं माझं मत होतं. पण या मंडळींची खरी भांडणं तिसऱ्यावरूनच व्हायची. चहा गार व्हायचा, पोहे गार व्हायचे आणि निवृत्त बँक मॅनेजर दाणी उभे राहून शपथेवर सांगायचे, की हा आवाज जपानी छपाईचाच.

त्या रविवारी दोन माणसं जास्त होती. लोबोबाई आणि त्यांचे मिस्टर. लोबोबाई आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मूळच्या सावंतवाडीच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, बोलण्यात फटकळ आणि हाताने अतिशय सुबक. निवृत्त झाल्यावरही त्या शाळेत यायच्या, गॅदरिंगचे कपडे शिवायला. असंच एकदा झालरी लावताना म्हणाल्या, "आमचे मिस्टर लग्नाआधी ट्रम्पेट वाजवायचे हो, आगाशेबाई. म्हणजे ते तरी तसं सांगतात."

मी हे घरी सहज सांगितलं. अच्युतने हातातली कामं टाकली. "ट्रम्पेट? कुठे? कोणाच्या बँडमध्ये? कोणत्या साली? तू विचारलं नाहीस?" मी विचारलं नव्हतं. माझ्या या अज्ञानाबद्दल मला दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं आणि रविवारचं आमंत्रण गेलं.

इनास लोबो किरकोळ अंगाचे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढचे दात खोटे, हसताना वरचा ओठ जरा आवळून घ्यायचे. पिंपरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. टॉवेलचा खेळ त्यांना कुणीतरी समजावून सांगितला. रेकॉर्ड संपल्यावर सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुम्हाला काय वाटतं, मिस्टर लोबो?"

"चांगलं वाजवतायत," लोबो म्हणाले आणि त्यांनी चकली मोडली.

दाण्यांनी अच्युतकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला आणि रागही आला. पण अच्युत चिवट. तो विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांचं नुकसान ठरवायचा, माणसाला बोलतं करणं त्याला सवयीचं होतं. त्याने विचारत विचारत मुंबईच्या हॉटेलचं नाव काढून घेतलं, बँडचं काढून घेतलं, मग म्हणाला, "कधी रेकॉर्डिंग वगैरे?"

"एकच. एक अमेरिकन आला होता, पियानोवाला. डेल्बर्ट क्रेन. त्याने आमच्यातले चार जण घेतले. एका दिवसात केलं सगळं. एका गाण्यात मला सोलो दिला होता. लांब सोलो. तो म्हणाला, थांबू नकोस, वाजव."

अच्युतचा कप अर्ध्यावर थांबला. "क्रेनचं बॉम्बे सेशन? त्यातले तुम्ही?"

"रेकॉर्ड निघाली तेव्हा मी जहाजावर गेलो होतो. जहाजाच्या बँडमध्ये. तिथे पडलो, जिन्यावरून." लोबोंनी ओठावर बोट ठेवलं. "दात गेले. ट्रम्पेट दातावर असते साहेब. मग सोडलं. रेकॉर्ड काय बघितली नाही कधी."

"ऐकली नाहीत? स्वतःची?"

"घरात वाजवायला काही नव्हतं. मग राहून गेलं."

लोबोबाई मध्येच म्हणाल्या, "माझं लग्न झालं ते दात गेल्यावर. चाळीस वर्षं ऐकतेय त्या सोलोबद्दल. पोरांना झोपवताना तोंडाने वाजवून दाखवायचे. ट्रम्पेटचा मात्र एक सूर ऐकला असेल तर शपथ." सगळे हसले, लोबोही हसले. पण बाईंच्या आवाजात थट्टेखाली काहीतरी वेगळं होतं. नवरा जे होता ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या वाट्याला स्टोअरकीपर आला होता.

अच्युत आतल्या खोलीत गेला आणि एक जाड, काळं खोकं छातीशी धरून आला. डेल्बर्ट क्रेनचा बॉक्स सेट. सगळं आयुष्यभराचं वाजवणं सीड्यांवर, सोबत पुस्तक. मागच्याच वर्षी परदेशातून मागवला होता. खोक्यातलं पुस्तक त्याने उघडलं, पानं उलटली आणि लोबोबाईंच्या पुढ्यात धरलं. मुंबई, खाली वाद्यं, वाद्यांपुढे नावं. ट्रम्पेट, इनास लोबो.

बाईंनी पर्समधून चष्मा काढला. नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की मी नजर दुसरीकडे वळवली. नव्या नवरीने पाहावं तसं पाहिलं त्यांनी, सगळ्यांसमोर, त्या वयात.

"मग लावा की!" त्या म्हणाल्या.

"यावर नको," अच्युत म्हणाला.

"का?"

"ही सीडी आहे. रीइश्यू, म्हणजे जुन्यावरून नव्याने काढलेली. यात सगळं धुऊनपुसून ठेवलेलं असतं. ट्रम्पेटमधली हवा, ओठांची फुंकर, खोलीचा घुमारा, काही राहत नाही. मी हा सेट पुस्तकासाठी घेतलाय, ऐकायला नाही. बॉम्बे सेशनची मूळ लाँगप्ले भारतात छापली होती, थोड्याच निघाल्या. कलकत्त्याला बागची म्हणून आहेत, त्यांच्याकडे असणार. मी मिळवतो. तुम्ही चाळीस वर्षं वाट पाहिलीत, तर पहिल्यांदा ऐकाल ते खरं ऐकायला हवं. काय दाणी?"

"अर्थात," दाणी म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीने यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

"मला कुठल्याही डबड्यावर चालेल हो," लोबोबाई म्हणाल्या. "फुंकर काय आणि घुमारा काय. यांनी वाजवलेलं आहे ना?"

"गप्प बस, लिबा," लोबो म्हणाले. रागाने नाही. ते खुर्चीत सरळ होऊन बसले होते. इतकी शिकलेली माणसं त्यांच्या एका सोलोसाठी कलकत्त्याला कळवणार होती. "साहेबांना कळतं त्यातलं. खऱ्या रेकॉर्डवर ऐकू."

खोकं परत आत गेलं.

अच्युतने त्याच दिवशी बागचींना फोन लावला. मला वाटलं, आठवड्याभरात पार्सल येईल. पण या लोकांचे व्यवहार असे होत नसतात. बागची विकत काही देत नसत. बदल्यात त्यांना अच्युतकडची एक फ्रेंच छपाईची रेकॉर्ड हवी होती. अच्युतने ती द्यायची तयारी केली, हे कबूल करायला हवं. ती त्याची लाडकी होती. मग बागचींनी क्रेनच्या रेकॉर्डचं वर्णन कळवलं. तबकडी स्वच्छ, कव्हर शाबूत, फक्त कव्हरच्या मागच्या बाजूला कुणीतरी शाईने आपलं नाव लिहिलेलं.

"नको म्हणालो मी," अच्युत मला सांगत होता. पाटावर बसून भाजी निवडायला मदत करत होता तो, म्हणून मीही नीट ऐकत होते. "दुसरी मिळेल. बागचींच्या ओळखीत एका बाईंकडे आहे म्हणे, बिननावाची."

"अरे, पण वाजणार तर तीच ना? नाव काय सुईला टोचणार आहे?"

"तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

"माझ्या फ्रेंच रेकॉर्डवर टाचणीएवढा डाग नाही, मृदुला. बदल्यात डागाळलेली का घेऊ? आणि लोबोंना भेट द्यायचीय ती मला. त्यांच्या हातात कुणा परक्याचं नाव लिहिलेलं कव्हर देऊ?"

भेट द्यायचा विचार मला माहीत नव्हता. त्यामुळे मी विरघळले आणि पुढे बोलले नाही. अच्युत वाईट माणूस नव्हता, अजूनही नाही. एखादी गोष्ट चांगली करायची म्हटली की ती चांगली होईपर्यंत त्याला ती करवतच नाही, इतकंच.

ती बिननाववाली बाई मग मुलीकडे दिल्लीला गेली. परत येईपर्यंत कपाटाची किल्ली तिच्याजवळ. मध्ये दोन दुसरे रविवार गेले. लोबो दोन्ही वेळा आले, त्याच इस्त्रीच्या शर्टात. टॉवेलखालच्या रेकॉर्डवर "चांगलं वाजवतायत" म्हणायचे आणि जाताना दारात हळूच विचारायचे, "कलकत्त्याहून काही?" अच्युत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "येतेय, येतेय."

लोबोबाई आल्या त्या एका मधल्याच दिवशी, दुपारी, एकट्या. दार उघडलं तर भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाय सुजलेले, चपलांचे बंद रुतलेले. हातात नेवऱ्यांचा, त्यांच्याकडच्या करंज्यांचा, डबा.

"अहो, बसा आधी. पाणी देते."

"जास्त पाणी नको म्हणालेत डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं थकलीत म्हणे. मी म्हटलं, त्यांनाच का दोष, मी सगळीच थकलेय."

नेवऱ्या खाता खाता इकडचं तिकडचं झालं. मग त्यांची नजर अच्युतच्या कपाटाकडे गेली. काचेतून ते काळं खोकं दिसत होतं.

"लोबोबाई," मी म्हणाले, "लावूया का आपण? अच्युत साताऱ्याला गेलाय, गाडी बघायला. त्याला कळणारही नाही. सीडी लावणं मला येतं, तेवढं काही ते अवघड नाही."

त्या उठल्याच जवळजवळ. हात पदराला पुसले. मग परत बसल्या.

"नको."

"का? चाळीस वर्षांनी..."

"इनास नसताना नको. मला काय त्यातलं समजणार? मी ऐकणार आहे होय ते? मी त्याचा चेहरा बघणार आहे. सोलो वाजत असताना." त्या हसल्या. "आणि बिचाऱ्याने शर्ट ठेवलाय नवा, त्या दिवसासाठी. मी आधीच ऐकून गेले तर त्याला काय सांगू?"

मी खोक्याकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी रिकामा डबा मागून घेतला आणि हळूहळू जिना उतरल्या. कितीदा वाटतं, मी त्यांना सोडायलाच नको होतं. मिस्टरांना फोन करायचा, रिक्षा करून बोलवायचं आणि दोघांना समोर बसवून लावून टाकायचं. पण तेव्हा रेकॉर्ड येतच होती. येतच होती सारखी.

पुढचं भराभर घडलं. लोबोबाईंना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी ओळखलं, शाळेची चौकशी केली, गॅदरिंगला यंदा कोळीनृत्य आहे की काय ते विचारलं. लोबो पलंगाशी स्टुलावर बसले होते. बाईंना डुलकी लागली तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"साहेबांना विचारा ना. ते सीडीचं. इथे लावता येईल का, छोट्या मशीनवर. कानात घालतात तसं."

घरी येऊन मी विचारलं. विचारलं कसलं, भांडलेच. अच्युत गोंधळून गेला. "त्या बाई दिल्लीहून परतल्या, बागचींनी काल पार्सल टाकलंय, मृदुला. चार दिवसांत येतंय. त्या बऱ्या होऊन घरी येतील, आपण त्यांना इथे आणू, खुर्चीवर बसवून वर आणू. दवाखान्याच्या गोंगाटात, कानात बोंडं घालून ऐकवायचं? ते ऐकवणं आहे का?"

"आहे!" मी ओरडले. "तेही ऐकवणंच आहे!"

रात्री दिवा मालवताना तो म्हणाला, "उद्या नेतो छोटं मशीन." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खरंच सगळं पिशवीत भरलं. मशीनच्या बॅटऱ्याही नव्या आणल्या. आम्ही बूट घालत होतो तेव्हा लोबोंच्या मुलाचा फोन आला.

चर्चमध्ये अच्युत मागच्या बाकावर बसला. तो रडला, लोबो रडले नाहीत.

पार्सल नंतरच्या आठवड्यात आलं. लाकडी फळ्यांमध्ये बांधलेलं, आत कापूस. अच्युतने ते उघडलं आणि कोपऱ्यात उभं करून ठेवलं. कव्हरवर ना डाग, ना नाव. महिनाभर त्याला हात लावला नाही. मग लोबोंचाच फोन आला, की रेकॉर्ड आली असेल तर ऐकायला येऊ का.

टॉवेलवाली मंडळी त्या दिवशी बोलावली नव्हती. आम्ही तिघंच. लोबोंनी नवा शर्ट घातला होता, फिकट निळा. त्याच्या घड्या अजून पुठ्ठ्यावरच्या होत्या.

अच्युतने रेकॉर्ड पुसली, लावली. पियानो सुरू झाला. लोबो पुढे झुकले. "हा क्रेन," ते म्हणाले. मग, "हा ड्रमवाला आमचा, पास्कल. गेला." आवाज सुरेख होता, खोटं का बोलू, खोलीत माणसं बसून वाजवतायत असंच वाटत होतं. दुसरं गाणं झालं. तिसरं लागलं तसं लोबोंनी हाताने मला थांबवलं, मी काही करत नव्हते तरी. "हे. यात. पियानो संपला की मी."

पियानो रंगत गेला. लोबोंच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर हलायला लागली. पियानो संपला.

आणि सगळे मिळून सुरुवातीची धून वाजवायला लागले. धून संपली, गाणं संपलं. सुई पुढच्या गाण्यावर गेली.

लोबोंची बोटं तशीच वर राहिली होती. त्यांनी अच्युतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शाळेत खोटं पकडल्यावर पोरं जशी बघतात तसे बघत होते ते, आणि ते खोटं बोललेले नव्हते.

"मी वाजवला होता," ते म्हणाले. "देवाशप्पथ, मॅडम. लांब सोलो होता."

अच्युतने सुई उचलली.

"बरं झालं लिबा नव्हती," लोबो म्हणाले. "तिला वाटलं असतं, आयुष्यभर मी..."

अच्युतच्या तोंडावरचा रंग गेला होता. "कापलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "एका बाजूत मावत नसेल. लाँगप्लेवर वेळ मोजका असतो. बाहेरच्या माणसाचा सोलो असेल तर तोच आधी काढायचे." हे तो दाण्यांना आणि इतरांना शंभरदा समजावून सांगत असे. मीच ते चहा देताना किती वेळा ऐकलं होतं. मूळ छपाईत कापतात आणि नंतरच्या सेटमध्ये पुरं गाणं शोधून घालतात. त्याला हे माहीत होतं. त्या पहिल्या रविवारीही माहीत होतं. फक्त ते आठवायची त्याला गरज वाटली नव्हती, कारण सेट त्याने पुस्तकासाठी घेतला होता.

तो उठला. कपाट उघडलं, काळं खोकं काढलं, आणि त्याच्या हातांना ती सीडी खोबणीतून सुटेना म्हणून मी सोडवली.

तेच गाणं. तोच पियानो, जरा कोरडा, जरा लांबून आल्यासारखा. पियानो संपला आणि ट्रम्पेट आली. मला जॅझमधलं काही कळत नाही. पण तो बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता आणि त्याला कुणीतरी थांबू नकोस म्हणून सांगितलं होतं, एवढं कळलं. थांबतच नव्हता तो. मध्ये मागून कुणीतरी खुशीत ओरडलं. लोबो डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा वरचा ओठ आवळलेला नव्हता. त्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले. दुसऱ्या कुणीतरी बघायचा होता तो.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हे त्या दिवशी इथेच होतं?" त्यांनी विचारलं. "आम्ही दोघं आलो होतो तेव्हा?"

मी म्हणाले, "होतं."

लोबोंनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. मग उठून त्यांनी शर्ट सारखा केला. अच्युतने घाईघाईने सगळ्या सीड्या खोक्यात भरल्या, वर ती कलकत्त्याची रेकॉर्ड ठेवली आणि दोन्ही त्यांच्यापुढे केलं.

"हे तुमचं आहे, मिस्टर लोबो. न्या. प्लीज न्या."

"मी कशाला नेऊ, साहेब?" लोबो म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी काय वाजवलं ते मला पाठ आहे. तिला तेवढं माहीत नव्हतं."